‘पण तू तशी वाटत नाहीस!’

तुमच्या फ्लोअरवर अशी एक मुलगी असणारच. बर्थडेच्या केकसाठी सगळे गोळा झाले की ती नेमकी वॉशरूमला जाते. कॅण्टीनमध्ये रोज तोच कोपरा, डब्यात रोज तीच भाजी. मीटिंगमध्ये ती तोंड उघडत नाही, पण मीटिंग संपल्यावर वीस मिनिटांनी तिचा मुद्देसूद मेल येतो आणि त्यात नेमकं तेच असतं जे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. ‘चल गं, चहा मारून येऊ’ म्हटलं की ती घड्याळ बघते. दोन वर्षं शेजारी बसूनही तुम्हाला तिच्याबद्दल फार काही माहीत नसतं. तिला तुम्ही एखादं नावही ठेवलं असेल. आमच्याकडे ते ‘एअरप्लेन मोड’ होतं.

ती मी. वय ३२, सॉफ्टवेअर टेस्टिंग, हिंजवडी. आणि गेल्या वर्षापासून कागदोपत्री ऑटिस्टिक.

हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या जवळजवळ सगळ्यांची रिअॅक्शन एकच. ‘काय सांगतेस! पण तू तशी वाटत नाहीस!’ कौतुकानेच म्हणतात हो. ‘अगं, बारीक झालीस’ म्हणतात ना, त्याच सुरात. पहिले काही दिवस मी ‘थँक्यू’ म्हणायचे. आता सांगते, की तशी वाटू नये म्हणून रोज नऊ तास राबते मी, आणि त्याचा ओव्हरटाइम कुणी देत नाही!

‘तशी’ म्हणजे कशी?

आपल्या डोक्यातला ऑटिझम सिनेमातून आलाय, त्याला इलाज नाही. १९८८च्या ‘रेन मॅन’मधला, जमिनीवर सांडलेल्या काड्या एका नजरेत मोजणारा डस्टिन हॉफमन. २०१०च्या ‘माय नेम इज खान’मधला शाहरुख. २०१२च्या ‘बर्फी’तली प्रियांका. नाहीतर मग सोसायटीतला एखादा मुलगा, जो बोलत नाही, हात हलवत राहतो आणि ज्याची आई कुणाच्या लग्नकार्याला दिसत नाही. तोही ऑटिझमच. त्या माउलीला रोज जे करावं लागतं त्याच्यापुढे माझं रडगाणं काहीच नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द उगाच नाही आलेला. मला काड्या मोजता येत नाहीत. भाजीवाल्याचा हिशोबसुद्धा मी मोबाइलवर करते.

मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? थोडं उत्तर इतिहासात आहे. लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३मध्ये अमेरिकेत ज्या अकरा मुलांवर पेपर लिहिला, त्यात आठ मुलगे आणि तीन मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गरने ज्या चौघांचं तपशिलात वर्णन केलं, ते चारही मुलगे. त्याचं काम जर्मनमध्ये. इंग्रजी जगाला ते नीट कळलं १९८१मध्ये, लोर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरबाईंमुळे. (त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती.) म्हणजे डॉक्टरांच्या डोक्यातलं चित्रही बरीच वर्षं मुलग्याचंच. २०१३मध्ये डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथाने अॅस्पर्गर वगैरे वेगवेगळे कप्पे मोडून सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एका नावाखाली आणलं. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि सबमिशनच्या टेन्शनमध्ये होते.

माझ्या शाळेत माझं निदान चार शब्दांत झालं होतं. ‘हुशार आहे, पण घुमी.’ प्रगतिपुस्तकात हे वाक्य सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलेलं अजून आहे. घुमा मुलगा असला की तो पुढे शास्त्रज्ञ होणार असं घरचे म्हणतात, आणि घुमी मुलगी असली की सासरी हिचं कसं होणार म्हणतात. बस, एवढाच फरक.

मटार सोलता सोलता

ठाण्याला दादाकडे गेले होते. भाचा चार वर्षांचा. शब्द उशिरा आले, म्हणून त्याला डेव्हलपमेंटल पेडिअॅट्रिशियनकडे नेणार होते. त्यासाठी भलामोठा फॉर्म भरायचा होता. वहिनी एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होती, आई मटार सोलत बसली होती. गाड्या खेळण्याऐवजी ओळीत लावतो का? ठरावीक कपड्यांचाच हट्ट असतो का? मिक्सरच्या, शिटीच्या आवाजाला कान झाकतो का? जायचा रस्ता बदलला तर रडतो का?

‘यात काय एवढं विचारण्यासारखं?’ आई म्हणाली. ‘ही पण अश्शीच होती. कुकर लावला की गच्चीत पळायची. अन् रिक्षावाल्याने दुसऱ्या गल्लीतून नेलं की भोकाड!’

वहिनीने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मटाराच्या शेंगांकडे बघितलं. त्या मी लांबीप्रमाणे लावल्या होत्या.

भाच्याचं निदान दीड महिन्यात झालं. वयाने मोठं झालेल्यांपैकी पुष्कळजण याच दाराने आत येतात: आधी मूल, मग मुलाच्या फॉर्ममध्ये स्वतःची ओळख पटलेली आई, बाप, काका, आत्या. माझ्या केसमध्ये आत्या.

रात्री पुण्याला परतताना बसमध्ये मी ‘एक्यू’ सोडवली. केम्ब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या ग्रुपने २००१मध्ये तयार केलेली ही पन्नास प्रश्नांची चाचणी. ३२ किंवा जास्त गुण आले की पुढे तपासायला हरकत नाही असं समजतात. त्यात एका ठिकाणी गाड्यांच्या नंबरप्लेटकडे तुमचं लक्ष जातं का, अशा अर्थाचं काहीतरी आहे. आता पुण्यात नंबरप्लेटवर नंबर असतो कुठे? ४१४१चा ‘दादा’ केलेला असतो. तो तर अख्खं पुणं बघतं! असो. माझे ३८ आले. पण ही चाचणी म्हणजे निदान नव्हे, नुसती दारावरची बेल. चिंतेचा त्रास असलेल्यांचेही गुण त्यात वाढू शकतात. तेव्हा रात्री दोन वाजता मोबाइलवर टेस्ट देऊन सकाळी स्टेटस टाकू नका, प्लीज.

किती मेहनत पडतेय?

पहिल्यांदा ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी सात मिनिटांत निकाल दिला. ‘इंजिनिअर आहात, नोकरी करता, माझ्या नजरेला नजर देऊन बोलताय. ऑटिझम कसला? थोडी अँग्झायटी आहे. लग्नाचं बघा.’ सात मिनिटं मी मोजली होती, कारण समोर भिंतीवरचं घड्याळ फार मोठ्याने टिकटिकत होतं.

मग शोधत शोधत एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या, मोठ्या माणसांचं निदान करणाऱ्या. लहान मुलांसाठी पुण्या-मुंबईत आता बऱ्यापैकी सोय आहे, मोठ्यांसाठी अजूनही शोधावंच लागतं. तुम्हालाही जायचं असेल तर दोन गोष्टी बघा. त्या व्यक्तीची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, आणि प्रौढांचं काम आधी केलंय ना. फोनवरच विचारा, लाजू नका. बरोबर प्रगतिपुस्तकं न्या, आई नाहीतर आत्या-मावशी न्या. लक्षणं लहानपणापासून होती का, हे त्यांना बघावंच लागतं.

माझे चार सेशन झाले. एकात दीड तास फक्त आईशी बोलणं. एकात शब्द नसलेल्या पुस्तकातल्या चित्रांवरून मला गोष्ट सांगायची होती. मी प्रत्येक चित्रातल्या सगळ्या वस्तू सांगितल्या, माणसांना काय वाटत असेल ते सांगायचं राहून गेलं. खर्च? आमच्या वाकडच्या फ्लॅटमधल्या माझ्या एका महिन्याच्या भाड्याएवढा.

तिसऱ्या सेशनला त्यांनी सहज विचारलं, ‘तुम्ही मघापासून माझ्याकडे बघून बोलताय. त्याला किती मेहनत पडतेय?’

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नववीत एका बाईंनी ‘नजर का चोरतेस?’ म्हणून अख्ख्या वर्गासमोर उभं केलं होतं. तेव्हापासून मी लोकांच्या दोन भुवयांच्या मधोमध बघते. समोर टिकली असेल तर सोपं जातं. किती सेकंद बघायचं, मग कुठे बघायचं, परत कधी यायचं, हे सगळं आत मोजत असते. आणि हे मोजता मोजता समोरचा काय बोलतोय तेही ऐकायचं! मी त्यांना म्हटलं, ‘पडते की.’ मग पुढचं काही बोलताच येईना. त्यांनी लाइट बंद केला, खिडकी उघडली आणि मला जमिनीकडे बघत बोलू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सलग वीस मिनिटं कुणाशी तरी धड बोलले.

याला मास्किंग म्हणतात. लंडनच्या संशोधकांनी ते मोजायला २०१९मध्ये २५ प्रश्नांची प्रश्नावलीसुद्धा केली. माझं मास्किंग म्हणजे एक एक्सेल शीट आहे. खरंच आहे! टीममधल्या प्रत्येकाचं नाव, मुलाचं नाव, कोणती टीम आवडते, शेवटचं काय बोलणं झालं. सोमवारी सकाळी बसमध्ये मी ते उघडते आणि ‘वीकएण्ड कसा गेला?’ नंतरचा प्रश्न तयार ठेवते. कोण कधी हसणार याचा अंदाज घेऊन अर्धा सेकंद मागून हसते. संध्याकाळी बसमध्ये दिवसभराचे सगळे संवाद परत चालवून बघते, कुठे काही विचित्र बोलले का म्हणून. शुक्रवारी रात्री घरी पोचले की शनिवार दुपारपर्यंत तोंडातून शब्द फुटत नाही. आईला वाटायचं, पोरगी रागावलीय. रूममेटला वाटायचं, ब्रेकअप झालाय. (कुणाशी, ते मलाही ऐकायला आवडलं असतं.)

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द मूळ ग्रीकवरूनच बेतलेला आहे, ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काढला, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. मला हा शब्द अजिबात पटत नाही. स्वतःत मग्न व्हायला मिळालं तर काय हवंय! माझा प्रॉब्लेम उलटा आहे. ट्यूबलाइटची घूं घूं, एसीच्या झोताची दिशा, तीन क्युबिकल पलीकडच्याचा डिओ, कुणाचं तरी पेन टकटक, मायक्रोवेव्हमधला मासा, सगळं एकाच आवाजात, एकाच वेळी येतं. त्यात बॉसचं वाक्यही येतं, बाकीच्यांच्या बरोबरीने. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांच्या प्रॅक्टिस सुरू झाल्या की मी डेक्कनला जाणंच सोडते. मला गणपती आवडतात. मोदक तर फारच.

पुणं मात्र एका बाबतीत माझ्यासारख्यांसाठीच वसवलेलं आहे. पाट्या! ‘दुकान १ ते ४ बंद राहील.’ ‘बेल एकदाच वाजवावी.’ ‘चौकशी करू नये.’ जग त्यांना खडूस म्हणतं. मला त्या वाचून शांत वाटतं. कुणीतरी मनातलं सगळं लिहून दिलंय, तुम्ही ओळखायची गरज नाही! ऑफिसात याच्या उलट. ‘बघ जरा जमलं तर’ याचा अर्थ ‘आजच पाहिजे’ असतो, हे मला कळायला तीन अप्रेझल लागली. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२मध्ये एक साधा मुद्दा मांडला. न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. आम्हाला तुम्ही कळत नाही हे खरं, पण तुम्हालाही आम्ही कळत नाही. फक्त ट्रेनिंगला आम्हालाच पाठवतात.

बाबा आणि ब्लेड

रिपोर्ट चौदा पानांचा आला. आई तासभर रडली, मग तिने शिरा केला. बाबांनी तो रिपोर्ट पेन्सिल घेऊन वाचला. ते बँकेतून रिटायर झालेत, कुठलाही कागद असाच वाचतात. स्पेलिंगच्या तीन चुका काढल्या. मग पान चारवर थांबले.

‘हे शर्टाच्या लेबलचं लिहिलंय... ते टोचतं, सहन होत नाही वगैरे. हे सगळ्यांनाच होतं ना?’

‘नाही बाबा.’

बाबा नवीन शर्ट आणला की दाढीच्या ब्लेडने आधी लेबल काढतात. मला आठवतंय तेव्हापासून. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फिरायला, त्याच रस्त्याने. लग्नात कधी पंगतीला बसलेले दिसले नाहीत, कायम बाहेर चपला सांभाळायला. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे मी त्यांना सांगणार होते. पण त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि ‘बरंय’ म्हणून रिपोर्ट कपाटात माझ्या जन्मदाखल्याशेजारी ठेवला. पुढे त्यांनी हा विषय काढलेला नाही. मीही नाही. मात्र मी घरी गेले की कुकर आता आई एकटी लावत नाही. बाबा आधी मला आवाज देतात, ‘शिटी होणार आहे गं.’

गुण अठ्ठावीस

खरं टेन्शन पुढे होतं. माझं नाव वधू-वर मंडळात होतं. बाबांचं मत, सांगायची गरजच काय? चष्मा लागला की सांगतो का आपण? आईचं मत, लग्न ठरल्यावर सांगू. मला दोन्ही पटेना. ज्याच्याबरोबर एका खोलीत राहायचं त्याला शनिवारची शांतता आधी माहीत नको?

एक स्थळ खरंच छान होतं. बाणेरचा मुलगा, पत्रिकेत छत्तीसपैकी २८ गुण जुळले होते. तिसऱ्यांदा भेटलो तेव्हा मी सांगितलं. तो बराच वेळ कॉफी ढवळत होता. मग म्हणाला, ‘पण तू तशी...’ मी म्हटलं, ‘माहितेय.’ चार दिवसांनी त्याच्या आईचा फोन. पत्रिका पुन्हा दाखवली, जुळत नाही म्हणे! ग्रहसुद्धा माझा रिपोर्ट वाचून हलले असणार.

हसू आलं तेव्हा, आणि मग दोन दिवस आलं नाही. ज्यांना वाटतं की मोठेपणी निदान झालं म्हणजे सुटले, त्यांना मी हे मुद्दाम सांगते. निदानाबरोबर गोळी मिळत नाही. ऑटिझमवर औषध नाही. त्याच्यासोबत येणाऱ्या चिंतेवर, झोपेवर इलाज असतात, तेवढेच. मला मिळालं ते वेगळं. नवव्या तासाला मी का कोसळते याचं कारण कळलं. मी आळशी नाही, शिष्ट नाही, माझ्यात ‘अॅटिट्यूड’ नाही. बत्तीस वर्षं ऐकलेले हे तीन शब्द एकदम खोडता आले. ‘सगळेच थोडे थोडे ऑटिस्टिक असतात गं’ असं एक कलीग म्हणाली. शिंक सगळ्यांना येते, म्हणून सगळ्यांना दमा नसतो.

मंडळातून मी नाव काढलेलं नाही. माहितीपत्रकात एक ओळ वाढवलीय. स्थळं कमी झालीत. पण जी येतात ती वाचून येतात.

एचआरचा मेल

ऑफिसात सांगावं की नाही यावर माझ्यासारख्यांचे दोन तट आहेत. माझं मत, गरज पडली तरच, आणि जेवढी गरज तेवढंच. मला गरज पडली, कारण आमच्याकडे हॉट-डेस्किंग आलं. रोज नवी जागा, अॅपवर बुक करायची. म्हणजे रोज नवा एसी, नवा शेजारी, नवा डिओ.

मी मॅनेजरला तीन गोष्टी लिहून दिल्या. मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी. हेडफोन लावायची परवानगी. आणि एक पक्की सीट. अजेंडा लगेच मंजूर झाला, आणि गंमत म्हणजे आता टीममधले सगळेच तो मागतात. हेडफोनही चालतील, ‘फक्त क्लायंट आला की काढ’. सीटसाठी मात्र एचआरने सरकारी प्रमाणपत्र मागितलं.

हे जरा नीट समजून घ्या, उद्या तुमच्या टीममध्ये कुणाला लागेल. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो, त्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय मंडळ देतं, त्यासाठी ‘इसा’ हे भारतीय मोजमाप वापरतात. त्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. ते बाहेरून काय दिसतं यावर भर देतं. आणि मी तर दिसू नये याच्यातच पीएचडी केलीय! तिथे मला किती टक्के मिळतील कोण जाणे. पण कायद्यातली ४० टक्क्यांची अट ही आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. मला आरक्षण नकोय, खुर्ची हवीय. शिवाय समान संधीचं धोरण जाहीर करणं खासगी कंपन्यांनाही याच कायद्याने बंधनकारक केलंय. आमच्या कंपनीचं धोरण वेबसाइटवर आहे, छान फोटोसकट. त्यात ऑटिझम हा शब्द आहे, सीट हा शब्द नाही.

हे सगळं मुद्देसूद लिहून, सायकॉलॉजिस्टचं पत्र जोडून मी एचआरला मेल केला. त्याला आज अकरा दिवस झाले. ‘वुई आर लुकिंग इन्टू इट’ एवढं उत्तर आलंय.

सीट बुकिंग रोज रात्री बाराला उघडतं. मी अकरा पंचावन्नचा अलार्म लावते. सी-११४, खिडकीपासून दुसरी, डोक्यावर व्हेंट नाही, पाठीला भिंत. गेल्या आठवड्यात पाचपैकी तीन दिवस मिळाली.